काचेचा केस

सेक्टर २ मधल्या आमच्या क्वार्टरसमोर एक फायबरवाला राहतो. सरकारी योजनेतलं इंटरनेट उतईकडच्या गावांत पोचवायचं, म्हणून दिवसभर तिकडे बसून तो केबल जोडतो. त्या केबलमध्ये केसासारखी बारीक काच असते. तिचे तुकडे कपड्यांना चिकटून घरात येतील, ही त्याची धास्ती. संध्याकाळी आला की अंगणातच बाह्यांवर, तळव्यांवर चिकट टेप दाबतो, उचलतो आणि उजेडात धरून पाहत राहतो. छोटी लेक धावत आली की ओरडतो, "दूर! हात नोको लावू मले! काच दिसत नाई, म्हून तं भ्या लागते!"

ते ऐकून ऐकून आजकाल मीही जेवायच्या आधी उगाच बाह्या झटकते.

परवा त्याला सुट्टी होती. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून त्यानं अंगणात लेकीला जवळ घ्यायला हात पसरले. "ये वं माय."

पोरगी आत जाऊन टेप घेऊन आली. त्याच्या तळव्यांवर दाबली, उजेडात धरली.

"काई नाई ना?" तो हसत म्हणाला.

"दिसत नाई," ती म्हणाली, आणि मागे सरकली.