पेटीवर लावलेली सारंगी

वसमतच्या मोंढ्यामागे हळदीच्या एका आडतीच्या वरच्या खोलीत आम्ही चौघे दर गुरुवारी बसायचो. तीन सारंग्या आणि एक दिलरुबा. तबला नाही, गाणारा नाही. निजामाच्या काळात मैफल सुरू होण्याआधी वाजवायच्या ज्या जुन्या चिजा आमच्या उस्तादांनी आपल्या वडिलांकडून उचलल्या होत्या, तेवढ्याच आम्ही वाजवायचो. जिना चढून कुणी आलंच, तर पहिला प्रश्न ठरलेला, "गाणारा कधी येणार?" दिलरुबावाले गुरुजी शाळेत मास्तर होते. गज न थांबवता ते म्हणायचे, "निघालाय. तुमी खाली वाट बघा."

तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. आम्ही परभणीतच मोडायचो. मी हट्ट्याचा, घरातला पहिला बी.ए. माझ्या आधी आमच्यात कुणी दहावीलाही बसलं नव्हतं, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असे. आजही सांगतो. शिकलेल्या माणसाने ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, तपासून घ्यावं, असं माझं पक्कं मत होतं.

माझी सारंगी उस्तादांच्या वारलेल्या भावाची. त्यांनी ती मला नुसती दिली, काही न मागता. एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो तेव्हा आनंद राहिला बाजूला, पहिला विचार आला तो असा, की ही चांगली असती तर जावयाला नसती का दिली? तिसरी सारंगी त्यांच्या जावयाची होती. माझ्याच वयाचा पोरगा. दिवसा बसस्टँडसमोर कुलपं दुरुस्त करायचा आणि माझ्याशी फार बोलायचा नाही.

सारंगीला वर तीन जाड ताती असतात, त्यांच्यावर गज फिरतो. त्यांच्या खाली पस्तीसेक बारीक तारा, त्या तरफा. वाजवताना त्यांना कुणी हात लावत नाही. वरचा सूर नेमका लागला की खालची त्या सुराची तार आपोआप बोलते आणि वाद्य घुमतं. जावयाची सारंगी घुमायची. माझी त्या मानाने कमी.

आणि तरफा लावायच्या फक्त उस्तादांनी, असा खोलीतला नियम होता. बसायच्या आधी ते तिन्ही सारंग्या घेऊन कोपऱ्यात जायचे आणि आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, एकेक खुंटी पिळायचे. हात दिसायचे नाहीत. मी एकदा वही घेऊन शेजारी सरकलो.

"काहून रे? तिथंच बस."

"उस्ताद, शिकवा ना. माझी मी लावत जाईन."

"सबर कर. कान कच्चा हाय अजून."

"दोन वर्षं झाली."

"मला बारा लागली."

मग मी घड्याळ लावायला सुरुवात केली. जावयाच्या सारंगीला पंचवीस मिनिटं, माझ्या सारंगीला पंधरा. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. हे मी वहीत लिहून ठेवत होतो. गुरुजींनी वही पाहिली आणि म्हणाले, "बी.ए.ला संशय हा पेपर होता काय रे तुला?"

"होता. फर्स्ट क्लास आला," मी म्हणालो.

अशात रेडिओवाले जुन्या वाद्यांचं ध्वनिमुद्रण करायला वसमतला येणार असल्याचं कळलं. आमच्यापैकी कुणीच कधी रेडिओवर वाजवलं नव्हतं. उस्ताद सत्तरीला आलेले. माझ्यापुरतं सांगायचं, तर मी अर्ध्या हट्ट्याला आधीच सांगून बसलो होतो.

ध्वनिमुद्रण शनिवारी. गुरुवारी उस्तादांनी सारंग्या लावून दिल्या आणि बजावलं, "आता खुंटीला हात लावायचा न्हाई." शुक्रवारी दुपारी मी मारुतीच्या देवळात भजनी मंडळाची पेटी काढून बसलो आणि एकेक तरफ छेडून पाहिली. षड्ज बरोबर. पंचम बरोबर. गंधार खाली! धैवत खाली, निषादही खाली. एखादी तार उतरली असती तर चूक म्हटलं असतं. पण हे निवडून, ठरावीक सुरांवर केलेलं होतं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटण्याऐवजी मला आनंदच झाला. सापडला म्हातारा! मी पेटी दाबून धरली आणि सगळ्या तरफा पेटीवर चढवून घेतल्या.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये उस्ताद म्हणाले, "दे, एकदा बघतो."

"परवाच लावली ना तुमी. बरोबर आहे."

त्यांनी हात मागे घेतला.

वाजवायला लागलो. मिनिटभरात रेडिओच्या साहेबांनी कानावरचे हेडफोन काढले. "डावीकडचं वाद्य घुमत नाही, खालून भलतेच सूर येतात. तिघांनीच वाजवलं तर चालेल का?"

डावीकडे मी होतो.

उस्ताद उठून आले, वाकले आणि नखाने माझी गंधाराची तरफ छेडली. "पेटीवर लावली?"

"व्हय," मी म्हणालो. आणि सगळ्यांदेखत पुढे बोलून गेलो, "तुमी सूर खाली ठेवले होते. जावयाची बराबर लावता अन् माझी उतरवून ठेवता. मी तपासलंय."

उस्तादांनी जावयाची सारंगी घेतली आणि गंधारावर गज ओढला. खालून तरफ बोलली. मग माझ्या सारंगीवर तोच गंधार. काहीच नाही, लाकडावर हात फिरवल्यासारखं.

"पेटीचा गंधार चढा असतो, बाबा," ते म्हणाले. "पेटीला सगळ्या पट्ट्यांत चालायचं असतं, म्हणून तिला थोडं थोडं खोटं बोलावं लागतं. सारंगी तिच्यावर लावत न्हाईत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढे औंढ्याला जायचं होतं आणि पस्तीस तारा तेवढ्या वेळात होणाऱ्या नव्हत्या. "मग तिघंच," ते म्हणाले.

"चौघं असतो आमी," उस्ताद म्हणाले. "न्हाईतर राहू द्या."

खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी घडी घातली आणि माझ्या तरफांखाली सरकवली. तरफा मुक्या झाल्या. चुकीचं बोलणं थांबलं, एवढंच. तशी, गळा बांधलेली सारंगी मी शेवटपर्यंत वाजवली.

ते रेडिओवर लागलं तेव्हा आमच्या दारात माणसं जमली होती. बापाने विचारलं, "यातली तुझी कोणची?"

"ती घुमायलीय ती," मी म्हणालो. ती जावयाची होती.

पुढच्या गुरुवारी जावं की नाही, असं झालं होतं. गेलो. उस्तादांनी माझी सारंगी बाजूला ठेवली आणि जावयाची माझ्या मांडीवर दिली. "लाव."

"मामू, माझी काहून?" जावई उठलाच.

"त्याची त्यानं बिघडवलीच हाय. दुसऱ्याची बिघडवायला भेईल."

मला त्यांनी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसवलं. असं कशाला, हे मी विचारून घेतलं. म्हणाले, "इथं खालच्या हमालांचा आवाज कमी येतो." मला काही ते पटलं नाही. आवाज तिथेही तेवढाच येत होता.

जावई शेजारी येऊन बसला, सारंगीच्या मानेवर हात ठेवून. मी खुंट्या पिळत गेलो. गंधाराशी आलो, तेव्हा तो म्हणाला, "जरा खाली घे, भाऊ."

घेतला.

"अजून."

माझा हात थांबला. मामूंसमोर माझी फजिती करायला हा मुद्दाम खाली नेतोय, असं वाटलं. सारंगी त्याची स्वतःची होती, तरी वाटलं. उस्ताद पलीकडे गजाला राळ लावत होते, आमच्याकडे बघतही नव्हते. मी खुंटी आणखी केसभर सैल केली आणि गज ओढला. तरफ बोलली, आणि तिच्यामागून बाकीच्याही हलल्यासारखं मांडीला जाणवलं.

जावयाने सारंगीच्या मानेवरचा हात मात्र काढला नाही.