न वाजलेलं कडवं

"बाबा, तुमची बाई गेली," असं मुलीनं पुण्याहून फोनवर सांगितलं. 'तुमची बाई' हे आमच्या घरात एका गायिकेचं नाव. माझ्या बायकोनं ठेवलेलं, आणि त्यात थोडा चिमटाही असायचा. बाई नव्वदीला टेकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. एके काळी जिच्या आवाजाशिवाय मांडवाला मांडवपण येत नसे, तिच्यासाठी चार ओळी. मला राग आला, पण तो कुणापुढे काढायचा? बायकोला जाऊनही आता सहा वर्षं झाली आहेत.

मेहकरला माझा लाउडस्पीकरचा धंदा होता. सायकलला मशीन, बॅटरी आणि दोन भोंगे बांधून मी चाळीसेक गावांत लग्नं वाजवली. पार बीबी गावापर्यंत जायचो. रेकॉर्डी पुष्कळ होत्या, पण लोक बाईंचंच एक गाणं मागायचे. सासरी नांदणारी लेक माहेराची आठवण काढते, असं ते गाणं. नवरी निघाली की मी ते लावायचो आणि बायांचे पदर डोळ्यांना लागायचे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायको रेकॉर्डी पुसत होती. फळीवरचा अडकित्ता निसटून नेमका त्या रेकॉर्डवर पडला आणि मधोमध ओरखडा गेला. मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. तेव्हा राग माझ्या नाकावरच असायचा. दुसरी रेकॉर्ड काही मिळाली नाही. मग मी युक्ती काढली. पहिलं कडवं संपलं की बोटानं सुई उचलायची आणि थेट तिसऱ्यावर ठेवायची. वर्षानुवर्षं चाळीस गावांनी ते गाणं तसंच ऐकलं आणि तसंच पाठ केलं. रेडिओवर कधीमधी ते पूर्ण लागायचं, तर बाया म्हणायच्या, हे काय भलतंच घातलं मधात.

बायकोही तसंच गुणगुणायची, भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना. तिचा गळा काही गोड नव्हता, पण ती गायला लागली की घर भरल्यासारखं वाटायचं. हे मी तिला कधी बोललो नाही.

बाईंबद्दल मी मिळेल ते वाचत असे. नवव्या वर्षी त्या नाटक कंपनीत गेल्या, विशीत सिनेमात गाऊ लागल्या. दहा-बारा वर्षं लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग पातळ आवाजाच्या नव्या मुली आल्या आणि संगीतकारांनी यांना बोलावणं सोडलं. नवराही लवकर गेला. पुढे पुढे पेटी आणि तबला सोबत घेऊन त्या तालुक्याच्या गावांत कार्यक्रम करू लागल्या. अशाच एकदा शाळेच्या मदतीसाठी मेहकरला आल्या, तेही एसटीनं. हे मला अजूनही पटत नाही.

माईक माझे होते. मी बायकोला पहिल्यांदाच कार्यक्रमाला नेलं. बाईंनी ते गाणं धरलं आणि मैदानातल्या बाया सोबत गाऊ लागल्या. पहिलं कडवं झालं. बाईंनी दुसरं सुरू केलं आणि सगळं मैदान तिसरं गायला लागलं. बाई थांबल्या. पेटीवाला गोंधळला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाईंनी क्षणभर ऐकलं, हसल्या आणि मैदानाबरोबर तिसरं गायल्या.

नंतर शाळेच्या एका वर्गात बाई चहा घेत होत्या. भोवती गावातली मोठी मंडळी होती आणि माझी बायको कपबशा देत होती. "माझं दुसरं कडवं तुमच्या गावानं कुठं टाकलं हो?" बाईंनी विचारलं. मी बायकोकडे बोट केलं. "हिच्या हातून अडकित्ता पडला रेकॉर्डवर." सगळे हसले.

बाई मात्र हसल्या नाहीत. बायकोकडे पाहून म्हणाल्या, "रेकॉर्डिंगला त्याच कडव्यात माझा दम तुटत होता. पुन्हा पुन्हा घेतलं. मला ते कधीच आवडलं नाही. बरं केलंस बाई."

घरी येताना बायको एवढंच बोलली, "चार लोकायत माह्यं नाव सांगाचं काय काम होतं?" गावानं पुढे तिला 'अडकित्त्यावाली' म्हणून बरंच छळलं. तिनं ते गाणं गुणगुणणं सोडलं. महिन्याभरानं मी विचारलं, "गाणं काऊन नाही म्हणत आता?" ती म्हणाली, "इसरली." मी माफी मागायला हवी होती. ती गेली तोवर मागितली नाही.

बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीनं मोबाईलवर ते गाणं पाठवलं, ओरखड्याशिवायचं, पूर्ण. मी तीनदा ऐकलं. दुसऱ्या कडव्यात खरंच एका जागी दम कमी पडल्यासारखा वाटतो. पण मला ते ऐकायचंच नव्हतं. मला हवं होतं ते बायकोच्या गळ्यातलं, आणि ते कुठल्याच मोबाईलवर नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला तसं सांगून टाकलं. म्हटलं, तुझ्या आईनं माझ्यामुळे गाणं सोडलं.

"कोणं सांगतलं?" ती म्हणाली. "तुम्ही मशीन घेऊन लग्नाले गेले का आई दिवसभर तेच म्हणे. मी बी तिच्यापासूनच शिकली. माह्या पोराले तेच म्हणून निजवलं."

"माझ्यासमोर तर कधी नाही."

"तुमच्या सायकलची घंटी वाजली का चूप होये."

मी तिला म्हणून दाखवायला लावलं. ती लाजली, पण गायली. पहिलं कडवं संपलं आणि ती सरळ तिसऱ्यावर गेली, आईसारखीच.

काल बाजारातून परत येत होतो. सायकल आता चालवत नाही, भाजीची पिशवी अडकवून हातात धरून चालतो. फाटकापाशी सवयीनं अंगठा घंटीवर गेला. तो मी काढून घेतला. कडी हळूच उघडली, चपला बाहेर काढल्या आणि आवाज न करता आत आलो. घरात कुणी गात नव्हतं.