सात करड्या माद्या

सरावलीच्या चाळीत खंडेराव जगदाळ्यांच्या खोलीला सगळे 'मासेवाल्यांचं घर' म्हणतात, आणि गंमत अशी की खरी मासेवाली शेजारच्या खोलीत राहते. ती नलूताई. रोज सातपाटीहून टोपली आणून बोईसरच्या बाजारात बसणारी. खंडेराव कराडकडचे, माळकरी घरातले. मासा त्यांनी उभ्या जन्मात तोंडात घातला नाही. पाळतात मात्र जिवापाड.

तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांची एकतीस वर्षं शेड जुळवण्यात गेली. गिऱ्हाइकाने धाडलेला कापडाचा तुकडा आणि नव्या लॉटचा रंग शेजारी शेजारी धरायचा, उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून बघायचं, आणि एका शब्दात निकाल द्यायचा. त्यांचा शब्द खाली पडत नसे. मग तीन वर्षांपूर्वी यंत्र आलं. आता आकडा यंत्र सांगतं आणि साहेब खंडेरावांना नंतर बोलावतात, मानपान म्हणून चहाला बोलावल्यासारखं.

माणसाला कुठेतरी आपली नजर वापरायला लागतेच. खंडेरावांनी ती घरातल्या तीन टँकांत लावली. त्यांत बोटाएवढे परदेशी मासे, अपिस्टो जातीचे. एका टँकवर पट्टी चिकटवलेली 'काकाटू', दुसऱ्यावर 'अगासी', तिसऱ्यात पिल्लं. या दोन जातींचे नर आंधळ्यालाही ओळखू यावेत: काकाटूच्या पाठीवर काकाकुवासारखा तुरा आणि शेपटीला दोन टोकं, अगासीची शेपटी एकाच टोकाला निमुळती. माद्या मात्र दोन्हींकडच्या सारख्याच, करड्या, अबोल. पिल्लं राखायला लागल्या की हळदीसारख्या पिवळ्या होतात, एरवी काही सांगत नाहीत.

काकाटूंची सहावी पिढी खंडेरावांनी शुद्ध राखली होती. पालघरच्या एका शाळेतल्या धीरज सरांना त्यांनी येत्या रविवारी दोन जोड्या द्यायचं कबूल केलं होतं. तिसरी जोडी घरी वंश चालवायला. खंडेरावांकडची जोडी म्हणजे जोडी, अशी त्यांची ख्याती होती, आणि यंत्र आल्यापासून तेवढीच उरली होती.

अशात पुतण्याचं लग्न निघालं. चार दिवस खंडेराव आणि त्यांची बायको इंदुबाई कराडला गेले आणि किल्ली नलूताईंकडे ठेवली. गुरुवारी दुपारी परत येऊन बघतात तर काकाटूंचा टँक कोरडा ठणठणीत, आणि अगासीच्या टँकमध्ये जत्रा भरलेली.

"काच गळाया लागली व्हती, भाऊ," नलूताई दारातच उभ्या. "मी म्हटलं पानी संपायच्या आत हलवावं. एकबी मेला नाय."

"पण अगासीमध्ये का घातले? पिल्लांचा टँक होता की!"

"पिल्लांत मोठे कशे टाकू? खाऊन टाकतील. आनि तुमीच तर पट्टी लावलीय आगाशीची. माजं म्हायेर आगाशीचं. आमच्या आगाशीची मानसं कोनाला हाकलत नाय."

इंदुबाईंना हसू आवरेना. खंडेरावांनी कपाळावर हात मारला. हे नाव विरारजवळच्या आगाशीचं नव्हे, दूरच्या देशातल्या माशाचं आहे, हे त्यांनी समजावलं. नलूताईंना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

नर लगेच वेगळे निघाले. मागे राहिल्या सात करड्या माद्या: चार अगासीच्या, तीन काकाटूच्या. एक जरी चुकली तर संकर होणार आणि सहा पिढ्या पाण्यात जाणार. खंडेरावांनी माद्या काचेच्या बरण्यांत घेतल्या आणि उत्तरेच्या खिडकीत मांडल्या. गुरुवार गेला. शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. सातही बरण्यांत तोच करडा. शनिवारी सकाळपर्यंत डोळ्यांना पाणी आलं, आणि इंदुबाईंना दिसलं की ते नुसतं ताणाचं नव्हतं.

"अहो, नलूताईला दाखवा की एकदा," त्या म्हणाल्या.

"तिला काय कळणार यातलं?"

"कोळंबीत करंदी मिसळली तर डोळं झाकून निवडती ती. बोलावू का?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. नलूताई आल्या, चूक आपली म्हणून आधीच ओशाळलेल्या. खिडकीशी बसल्या आणि बरण्यांकडे एकदाही रंगासाठी म्हणून बघितलं नाही. बाजारात पाटीवर हात चालावा तशा बरण्या सरकवू लागल्या.

"हिच्या अंगावरची काळी रेघ शेपटीच्या पार टोकाला गेलीय. हिचीबी. ही नाय, हिची शेपटीपाशीच थांबली, आनि पोटावर बारीक रेघा हायत." पाच मिनिटांत चार बरण्या डावीकडे, दोन उजवीकडे. सातवी त्यांनी मध्ये ठेवली.

"ही का वेगळी?" खंडेरावांचा आवाज बारीक झाला होता.

"हिची रेघ या दोघींसारकीच. पन त्यांच्या पोटाखालच्या पराला काळी कड हाय, हिला नाय. माल येगळा दिसला की मी येगळा ठेवते. काय हाय ते तुमाला ठावं."

खंडेरावांनी बरणी डोळ्यांशी धरली. करडी मादी नव्हतीच ती. तो नर होता. मोठ्या नराचा मार चुकवायला काही काकाटू नर मादीसारखे करडेच राहतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी आठ महिने या बाप्याला बाई समजून त्यांनी अंड्यांची वाट बघितली होती. काच गळली नसती तर उद्या हीच खोटी जोडी सरांच्या हातात गेली असती.

त्यांनी लगेच सरांना स्पीकरवर फोन लावला, धीर सुटायच्या आत.

"सर, दोन नाही, एकच जोडी देता येईल. दुसरी मादी नर निघाली. मला ओळखता आली नाही."

सरांनी विचारलं, "तुम्हाला? मग ही एक तरी खरी कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. खंडेरावांनी नलूताईंकडे बघितलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पदराला हात पुसले.

"खरी हाय, सर," त्या म्हणाल्या. "भाऊंनी नाय, मी निवडलीय."

एकतीस वर्षांत खंडेरावांच्या देखत असं कोणी बोललं नव्हतं. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण खांद्यावरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसं बरं वाटलं. फोन परत घेऊन ते म्हणाले, "सर, उद्या अकराच्या आधी या. नंतर नलूताई बाजारात जातात, आणि जोडी त्यांच्याच हातून घ्यायची आहे."