एका दारावर दोन हँडलं

"मी ठणठणीत आहो. रविवारी येतो, आपल्या गाडीनं येतो," असं बाबांनी अकोल्याच्या आत्याला फोनवर सांगून टाकलं आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहिलंच नाही. लकव्यानंतर त्यांच्या डाव्या हातात जेमतेम वाटी धरण्याइतका जोर उरला होता. नव्वदीच्या आत्याला हे कोणी कळवलं नव्हतं. थोरल्या बहिणीसमोर आपल्या पायांनी, आपल्या हातांनी गाडीतून उतरायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

गाडी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बाबा बसतात त्या डाव्या दाराचं आतलं हँडल झिजलेलं. दारातून निघालेल्या दांडीला बारीक दाते असतात, त्यांवर हँडल बसतं. हँडलच्या आतले दाते पार गुळगुळीत झाले होते, फिरवलं की नुसतं फिरायचं. उजवा हात तिथवर पोचत नाही, पोट आडवं येतं. म्हणून रोज मी बाहेरून दार उघडायचे आणि बाबा म्हणायचे, "मी काय नवरदेव आहो?"

अमरावतीच्या भंगारवाल्याने हँडल उलटसुलट पाहिलं. "मॅडम, हे आता अजायबघरात भेटन."

मी गणित-विज्ञानाची शिक्षिका. मागच्या दाराची काच वर-खाली करायचं हँडल तसल्याच दांडीवर बसतं, हा शोध मी शनिवारी लावला. मागे कोणी बसत नाही, त्यामुळे दाते कोरे. शिवाय लांब, म्हणजे जोर कमी लागणार. पंचवीस वर्षं शिकवलेला तरफेचा नियम पहिल्यांदाच घरात कामी आला. त्या आनंदात स्प्रिंग दाबून धरायला विसरले आणि हँडल अडकवायची पिन उडून नालीत गेली. तिच्या जागी मी माझ्या केसांचा आकडा कापून घातला.

मी चारदा दार उघडून पाहिलं. बाबांनी एकदाही नाही. "परीक्षेच्या आंधी पेपर पाहाचा नसते," ते म्हणाले. जन्मभर मुख्याध्यापक होते.

रविवारी वाटेत मूर्तिजापूरला चहासुद्धा त्यांनी गाडीतच घेतला. एकाच दारावर आता दोन सारखी हँडलं होती. "पुढचं दाराचं, मागचं काचेचं," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"फळ्यावर लिहून दे."

अकोल्यापर्यंत त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर उघडत होती, मिटत होती.

आत्या फाटकातच खुर्ची टाकून बसली होती. मी इंजिन बंद केलं.

"तू उतर. अन् दाराले हात लावला तर याद राख."

मी उतरून फाटकाशी उभी राहिले. थंडीमुळे काच बंद होती. आत बाबांचा खांदा हलला आणि काच खाली यायला लागली. मागचं हँडल.

आत्या उठून खिडकीपाशी गेली. "काहून रे भाऊ, आत बसून काय करून राहिला?"

"हवा घेऊन राहिलो."

"अमरावतीले हवा नाही काय?"

बाबांचा हात पुढच्या हँडलवर गेला. बोटं घसरली. परत लावली, परत घसरली. आत्याने बाहेरून दाराला हात घातला. "थांब, मले पाहू दे."

"ताई, हात काढ."

हा आवाज मी माझ्या दहावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता. आत्याने हात काढला. मी पर्सचा पट्टा इतका आवळला की त्याची शिवण उसवली.

बाबांनी बोटांचा नाद सोडला. कोपरापासून सगळा हात हँडलवर टाकला आणि अंगाचा भार दिला. खट्. दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग एक पाय, मग दुसरा. बाबा उभे राहिले.

तेव्हा मला दारावरची उघडी दांडी दिसली. आकडा तुटला होता. हँडल त्यांच्या मुठीत होतं. त्यांनी ते शांतपणे कोटाच्या खिशात टाकलं.

घरात खुर्चीवर टेकताना खिसा खणकन वाजला.

"काय हाय रे?" आत्याने विचारलं.

"चावी."

"किल्ल्याची काय?"

आत्याने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप उचलून उजव्या बाजूला ठेवला.

संध्याकाळी अमरावतीला घरासमोर गाडी थांबली. बाबांनी खिशातून हँडल काढून माझ्या हातात दिलं.

"जाय, बाहेरून उघड. नवरदेव थकला." मी दार उघडेपर्यंत ते थांबले. "अन् पुढच्या खेपेस तुह्या वेणीफणीचं सामान गाडीले लावू नको."