बंद ठेवलेली झडप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्यापासून मला साधी नवी साडीसुद्धा लपवता येत नाही.

माझं काम म्हणजे इमारती थंड ठेवणं, तेही कमीत कमी वीज जाळून. कॉलेजांत भाषणाला बोलावतात मला. पृथ्वी, पुढची पिढी — सगळं बोलते. नाकाने कांदे सोलायला माझ्याकडूनच शिकावं!

ऐरोलीतलं ते ऑफिस माझं पहिलं मोठं काम. सुरुवातीचे काही महिने मी तिथेच बसायचे. विजेचा एक आकडा मी छातीठोकपणे कबूल केला होता आणि तो काही केल्या गाठता येईना. खाडीवरची आपली हवा ठाऊक आहे ना? दमट, चिकट. ती आत घेऊन कोरडी करायची तर वीज नुसती खाते. मग मी काय केलं? बाहेरची हवा आत घेणारी झडप जवळजवळ बंदच करून टाकली. आतलीच हवा फिरत राहिली. गारवा तोच, वीज कमी. तपासणीला कुणी येणार असलं की तेवढ्यापुरती उघडायचे.

दुपारनंतर तिसऱ्या मजल्यावर लोकांची डोकी जड व्हायला लागली. बोलली मात्र एकटी नाझनीन. उरणची पोरगी, अकाउंट्समध्ये होती, अजून कायम झाली नव्हती. आम्ही डबा एकत्र खायचो. नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून ती माहेरी आली होती — हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं. नोकरी कायम झाली की कोपरखैरण्यात खोली घ्यायची, लेकीला तिथल्या शाळेत घालायचं. दुसरं काही मागणंच नव्हतं तिचं.

तिने तक्रार केली. तिच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, हवेत काही गडबड आहे का? आणि मी — कसं सांगू? — मी म्हणाले, हवा उत्तम आहे. तिलाच घरचं टेन्शन आहे, नवऱ्याला सोडून आलीय, डोकं त्यानेच दुखत असेल. अगदी काळजीच्या सुरात म्हणाले हो! भीती वाटली होती का? वाटली होती. म्हणून काय झालं? तिने विश्वासाने सांगितलेलं मी तिच्यावरच उलटवलं.

तिला कायम केलं नाही. ती गेल्यावर मी गुपचूप झडप उघडली, डोकेदुखी थांबली. साहेब म्हणाले, "बघा, ती गेली आणि कटकटही गेली." पुढे इमारतीला बक्षीस मिळालं. त्यासाठी आकडे दिले ते झडप बंद असतानाचेच. ते बक्षीस आमच्या हॉलमध्ये आहे, मीच पुसते त्याच्यावरची धूळ. लाज वाटते, तरी पुसते.

अजून एक राहिलंय. तेच सांगायला जीभ उचलत नाहीये.

शेवटच्या दिवशी नाझनीन माझ्यासाठी सांदणं घेऊन आली, आईच्या हातची. डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, साहेबांनी तुमाला बोलावलं होतं ना? तुमी माझ्या बाजूनंच बोलला असाल. मला म्हाईत हाय."

मी हो म्हणाले. आणि डबा घेतला.