‘सिद्ध करा’चं उत्तर

आमचं डीटीपीचं दुकान सांगलीत आहे, आणि माझ्या तोंडाला लगाम नाही हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. तरी आष्ट्याचे एक निवृत्त गणिताचे सर आपल्या सरावपुस्तकाची नवी आवृत्ती घेऊन माझ्याकडेच आले. बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, दिसायला कसंबी असू दे. मागची उत्तरं तेवढी ज्याच्या त्याच्या आकड्यावर पडली पाहिजेत."

जुन्या आवृत्तीत भूमितीची उत्तरं एक घर सरकून छापली गेली होती. तेव्हा त्यांच्या वर्गात जतकडच्या मेंढपाळाची एक मुलगी होती. ती उदाहरण बरोबर सोडवायची, मागं बघायची आणि जुळत नाही म्हणून खोडायची. सरांना चूक कळेपर्यंत, आपल्याला गणित येत नाही असं ठरवून ती शाळा सोडून गेली होती. "लय हुशार पोरगी. माझ्याच पुस्तकानं तिला खोटं पाडलं," सर म्हणाले.

मी ऐटीत सांगितलं की आता आकडे हातानं टाकायचे दिवस गेले. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये उदाहरणांची एक मोजणी, आकृत्यांची दुसरी, उत्तरांची तिसरी. प्रत्येकीला वेगळं नाव दिलं की मध्ये आकृती आली तरी उदाहरणाचा आकडा हलत नाही. सरांनी मुद्दाम मधेच एक उदाहरण घालायला लावलं. पुढचे सगळे आकडे आपोआप सरकले तसे म्हणाले, "आयला, भारी हाय की!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग प्रुफं निघाली. सर रोज सकाळी एसटीनं यायचे आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसून एकेक उदाहरण सोडवायचे. तेही स्वतःच रचलेलं! इकडे कुपवाडचा छापखानेवाला फाइल कधी देताय म्हणून फोनवर फोन करत होता. शेवटी मी वैतागले. "आवं सर, नुसते आकडे जुळवून बघा की. सोडवत काय बसलाय?"

"पोरं आधी सोडवतात, मग मागं बघतात," ते वर न बघता म्हणाले. "मी बी तसंच बघणार."

भूमितीच्या प्रकरणात त्यांची पेन्सिल थांबली. उत्तर जुळेना. मी तोऱ्यात उठले, म्हटलं, कॉम्प्युटर मोजण्यात चुकत नाही. आणि खरंच तो चुकला नव्हता. त्या प्रकरणात एक ‘सिद्ध करा’ असं उदाहरण होतं. त्याला उत्तर नसतं, म्हणून मागं त्याची ओळच नव्हती. उत्तरांची मोजणी स्वतंत्र. पुस्तकात उदाहरणं किती आहेत याच्याशी तिला काय देणंघेणं? तिनं समोर होत्या तेवढ्या ओळी मोजल्या, आणि तिथून खालची सगळी उत्तरं एक घर वर चढली. पुन्हा तेच, त्याच प्रकरणात.

"तिथं एक ओळ घालायला पाहिजे, सर, म्हणजे मोजणी जागेवर येईल. ‘उत्तर नाही’ असं लिहू?"

सरांनी मान हलवली. "‘नाही’ कशाला? लिहा, याचं उत्तर तुमच्या वहीत आहे."

मी लिहिलं. खालचे आकडे जागेवर आले. सरांनी मात्र प्रकरण पहिल्यापासून पुन्हा सोडवायला घेतलं.

माझ्याकडे पुस्तक करायला येणारी माणसं आधी आपलं नाव ठसठशीत आलंय का बघतात. या माणसानं मुखपृष्ठाचं प्रूफ उलटं घालून ठेवलं होतं. मी सहजासहजी कुणाला मानत नाही, पण सरांना मानलं.

पुस्तकं आली त्या दिवशी सरांनी त्या मेंढपाळाच्या मुलीला दुकानात बोलावून घेतलं होतं. ती आता कुपवाडला एका कारखान्यात कामाला आहे. ड्यूटी संपवून तशीच स्कूटीवरून आली. सरांनी पहिली प्रत तिच्या हातात दिली आणि जुन्या चुकीचं सगळं सांगितलं. तिनं भूमितीचं प्रकरण काढलं, टेबलावरची सरांची पेन्सिल उचलली आणि उभ्याउभ्याच पानाच्या कडेला एक उदाहरण सोडवलं. मग मागचं पान उलटलं. त्या उत्तराच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, म्हंजे तवा माझं बरोबर हुतं व्हय?"

"सगळं बरोबर होतं, बाळ."

तिनं पेन्सिल जागेवर ठेवली. कडेचं गणित खोडलं नाही.