पळाला की कागद झाला

घराबाहेर पडण्याआधी मावशी दार किलकिलं करायच्या आणि दोनदा टाळ्या वाजवायच्या. मग घसा खाकरायच्या. मग बाहेर. कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ढकलत न्यायचा असला तरी हा कार्यक्रम चुकायचा नाही. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, काहीतरी व्रत असेल.

विचारलं तर म्हणाल्या, "आपण येऊन राहिलो हे त्याला कळलं पाहिजे ना. अचानक समोर आलो की तोही घाबरतो, आपणही घाबरतो. अन् मग कागद होतो."

"कोणाला कळलं पाहिजे?"

"जो असंल त्याला."

मावशी म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या अभिजितच्या आई. चंद्रपूरच्या. तिथे वनखात्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं टायपिस्ट होत्या. जंगलात जनावरानं कोणावर हल्ला केला की त्याचा अहवाल टाइप व्हायला त्यांच्या टेबलावर यायचा. त्यालाच त्या 'कागद' म्हणायच्या. दरवर्षी मे ते ऑक्टोबर त्यांचा मुक्काम मुलाकडे असे. आमची वस्ती न्यू जर्सीच्या डोंगराळ बाजूला. देशी किराण्यासाठी एडिसन गाठायचं तर तास लागतो आणि घरांच्या मागे दहा पावलांवर झाडी सुरू होते.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी मावशी असेल, पण तिचा विषय गुडघे किंवा सून असेल. आमच्या मावशींचा विषय हल्ला. पॉटलकच्या एकत्र जेवणात हातात पुलावाची प्लेट घेऊन त्या शांतपणे सांगायच्या, "रानडुक्कर मांडी फाडतं. बिबट्या मागून येतो. वाघ एक वेळ परवडला, पण अस्वल नको बाप्पा. अस्वल सरळ तोंडावर येतं." सगळ्यांचे घास हवेत थांबलेले. मग त्याच आवाजात, "गुलाबजाम कोणी केले? छान झाले."

इथली जनावरं त्यांना फारशी पसंत नव्हती. अंगणातली मेथी हरणांनी फस्त केली, तेव्हा त्या खिडकीतून बघत राहिल्या. "घंटी वाजवून आत यायचं तेवढं राहिलं." रॅकून रात्री डबे उलथायचा, त्याच्याबद्दल मात्र मत बरं होतं. "चोर आहे, पण हात धुऊन खातो."

कोपऱ्यावरच्या निखिलचा तळ्याकाठी एका बदकानं पाठलाग केला होता. म्हणजे खरं तर तो गूज होता, मोठा, लांब मानेचा. निखिल कानात हेडफोन घालून मीटिंग अटेंड करत चालला होता आणि नकळत त्याच्या पिल्लांच्या मधून गेला. उरलेली मीटिंग त्यानं धावत अटेंड केली. संध्याकाळी मावशींनी त्याला उभं करून चौकशी केली.

"पळालास?"

"काकू, यार, तो माझ्या मांडीला चावला!"

"म्हणूनच विचारते. पळाला की कागद झाला. मागं मागं सरकायचं. त्याच्याकडे तोंड करून."

"बदकाकडे?"

"बदक काय अन् वाघ काय."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मावशी हसल्या नाहीत.

त्यानंतरच्या जुलैतली गोष्ट. रविवार दुपार. मावशी आणि मी आमच्या मागच्या लाकडी ओट्यावर, डेकवर, कणसं सोलत बसलो होतो. माझी चार वर्षांची ईरा खाली गवतात, प्लॅस्टिकच्या टबात पाणी उडवत होती. पक्ष्यांच्या दाण्याचा डबा झाडाला टांगलेला होता. तो खाली पडल्याचा आवाज आला म्हणून मी मान वर केली. डब्याशी अस्वल होतं. काळं, चकचकीत, सोफ्याएवढं. ईरापासून फार तर पंधरा पावलांवर.

मी उठले, ते किंचाळून पळायलाच. मावशींनी माझं मनगट पकडलं. त्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आवाज करू नको. इथंच थांब. मी जाते."

त्या पायऱ्या उतरल्या. घाई नाही. पदर सोडला, अंग मोठं दिसावं म्हणून दोन्ही हातांत धरून डोक्यावर ताणला, आणि त्या शिडाच्या होडीसारख्या तिरक्या तिरक्या गवतावरून निघाल्या. तोंडानं बोलत होत्या. कचेरीत कोणी चुकीच्या टेबलावर आला की बोलतात ना, तशा. "हो, पाहिलं मी तुला. खा दाणे. आमचं काही म्हणणं नाही. लेकरू घेतो अन् जातो."

अस्वलानं मान वर केली. मग ते मागच्या पायांवर उभं राहिलं. तोवर मावशी ईराच्या आणि त्याच्या मधे पोचल्या होत्या.

"इज दॅट अ डॉगी?" ईरा.

"हो. मोठा आहे. माझ्या मागं ये बेटा, साडी धर. हळू."

ईरानं साडी धरली. दोघी मागे मागे सरकू लागल्या. मावशींचे हात वर ताणलेले, पिवळा पदर वाऱ्यानं फडफडत. अस्वल नाकानं जोरात फुसफुसलं. मग ते चार पायांवर आलं, उरलेले दाणे चाटले आणि झाडीत निघून गेलं.

मी ईराला उचलून घेतलं. मावशी गवतावरच बसल्या. त्यांना उठताच येईना. मी पाणी आणलं तर पेला त्यांच्या दातांवर वाजू लागला.

"तुम्ही होतात म्हणून," मी म्हणाले. "तुम्हाला सवय आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कशाची सवय? अस्वल मी आज पहिल्यांदा पाहिलं."

"म्हणजे?"

"कचेरी शहरात होती ना गं. साहेब म्हणायचे, चला एकदा जीपनं. मी कधीच गेली नाही. ज्यांचे कागद टाइप केले ना, त्यांची नावं पाठ आहेत मला. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया. कोण कुठून येत होती, कोणाच्या हातात काय होतं, सगळं. ते माहीत असल्यावर कोण जातं जंगलात?" मग ईराच्या ओल्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "हिचं नाव नव्हतं टाइप करायचं मला."

त्या संध्याकाळी निखिलसकट सगळी गल्ली त्यांना भेटून गेली. कोणी हसलं नाही.

मावशी आता येत नाहीत. गुडघ्यांनी असहकार पुकारलाय आणि इतका लांबचा विमानप्रवास झेपत नाही. समोरच्या दारातून अभिजित बाहेर पडतो, कानाला फोन लावून, सरळ. मी अधूनमधून मावशींना व्हिडिओ कॉल करते. मार्चमध्ये केला तेव्हा त्या विलक्षण खुशीत होत्या.

"मी जाऊन आली जंगलात. भाचा घेऊन गेला, उघड्या जीपमध्ये."

"काय सांगता! वाघ दिसला?"

"दिसला ना. पाठमोरा. रस्त्याच्या मधून चालला होता. आम्ही तीन-चार जीपांमधली वीस माणसं श्वास रोखून बसलेली, अन् त्यानं एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही."

त्यांनी फोन तोंडाजवळ ओढला.

"कागदांमधला वाघ नेहमी अंगावरच यायचा. किती आपल्याच कामात होता गं हा," मावशी म्हणाल्या.